चुंबक न चिकटणारी गाडी

आमच्या मालकांनी दसऱ्याला नव्या पिकअपवर नारळ फोडायला घेतला, तेव्हा गाडीला पोचा आला आणि नारळ शाबूत राहिला. पुढे जे काही रामायण झालं त्याचं मूळ या एका नारळात आहे.

मालक म्हणजे माझे यजमान, रंगनाथ. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे म्हणून म्हणते. कशाचे मालक ते विचारू नका. राहात्याजवळ आमची पेरूची बाग आहे, ती सासूबाईंच्या नावावर. नवी गाडी माझ्या नावावर. मालकांच्या नावावर होती ती जुनी पिकअप, आणि तिच्यावर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा घरातल्या कुठल्या माणसावर असेल असं मला तरी वाटत नाही. ती गाडी म्हणजे लोखंडाचं चालतं दुकान होतं. पुढे हातभर रुंद गार्ड, मागे अँगलचा पिंजरा, खाली स्प्रिंगचे जादा पाटे, वर लोखंडी टप. दर दसऱ्याला मालक त्या गार्डवर नारळ फोडायचे. एकच दणका आणि सरळ दोन भकलं. गल्लीतली माणसं हे बघायला थांबायची आणि मालक वाघ मारल्यासारखे मागे वळून बघायचे.

ती गाडी विकावी लागली, कारण स्वतःलाच ओढता ओढता ती थकली होती. नवी कोणती घ्यायची ते मी ठरवलं. का, तेही सांगते.

सुप्याच्या एमआयडीसीत पेरूचा गर काढायचा एक कारखाना निघालाय. पिवळा झालेला पेरू बाजारात कुणाला नको असतो. व्यापारी तो बोटाने दाबतो, बाजूला फेकतो आणि त्याच बोटाने उरलेल्या मालाचाही भाव पाडतो. या कारखान्याला मात्र पिकलेलाच माल लागतो. तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, सगळ्यांचा पिकला माल एकत्र करून सुप्याला घालायचा. बोलणी करायला मी गेले. तिथे खरेदी बघणाऱ्या मोनिका मॅडम चांगल्या आहेत पण गोड नाहीत. त्या म्हणाल्या, हंगामात चाचणीची एक खेप आणा. सत्तर क्रेट, एकाच गाडीत, जेवणाच्या सुट्टीच्या आत, न चेंगरता. जमलं तर हंगामभर तुमचा माल घेऊ, नाही जमलं तर दुसरे उभे आहेत. आणि गाडीचं भरलेलं वजन आरसीवर लिहिलंय त्याच्या वर गेलं तर गेट उघडणार नाही. तिथे रदबदली नाही.

गटात परत येऊन मी हे सांगितलं तेव्हा छबूबाई म्हणाली, "सत्यशीला, तुझ्या तोंडाकडं बघून देतो माल. न्हाई झालं तर परत गटाचं नाव काढू नगं." म्हणजे बायकांचा सगळा विश्वास त्या एका खेपेवर येऊन बसला होता, आणि त्याबरोबर माझी गावातली आणि घरातली पतही. आमच्या घरात बाईने ठरवलेली ही पहिली मोठी वस्तू. ती फसली असती तर पुढे मीठ कुठलं आणायचं हेसुद्धा मला मालकांना विचारून ठरवावं लागलं असतं.

शोरूममधल्या पोराने मला साधं गणित सांगितलं. कायद्याने गाडी आणि माल मिळून वजन ठरलेलं असतं. गाडी जितकी हलकी, तितका माल जास्त. या नव्या गाडीची बॉडी अल्युमिनियमची, मागे माल भरायचा हौदाही त्याचाच, आणि वजन कमी म्हणून इंजिनही लहान पुरतं. डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईला हे दोनदा सांगावं लागत नाही. पितळी हंडा रिकामाच मान मोडतो, मग पाणी किती आणणार? त्याने हौद्यात वाळूची पोती टाकली आणि मी स्वतः ती गाडी समोरच्या चढावरून नेली. लायसन्स मी मागच्याच वर्षी काढलंय. गाडी गुणगुणत चढली. मालक त्या वेळी बाहेर उभे राहून टायरला लाथ मारून बघत होते. टायरला लाथ मारून काय कळतं, हे मला आजवर एकाही पुरुषाने सांगितलेलं नाही.

तर दसरा. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळासाठी मी पुढे एक चांगला धोंडा आणून ठेवला होता. पण हाताला सवय गार्डची. मालकांनी धोंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गल्ली जमलीय हे बघून घेतलं, नारळ डोक्यावर नेला आणि दिला दणका बॉनेटच्या कडेवर.

आवाज झाला तो पातेलं पडल्यासारखा. बॉनेटला वाटीएवढा पोचा आला. नारळ उडाला, घरंगळत गटाराच्या कडेला जाऊन थांबला. कल्याणने तो उचलला. कल्याण हा मालकांचा चुलतभाऊ, त्याचीही पिकअप आहे, मालकांच्या जुन्या गाडीची सख्खी बहीण. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते झाकण काढून बघणारा माणूस. त्याने तो नारळ कानाशी नेऊन हलवला आणि शांतपणे म्हणाला, "पानी हाय अजून आत."

मग जो हशा झाला तो मारुतीच्या देवळापर्यंत गेला असेल. माझ्या सासूबाई, म्हणजे बनुबाई, ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नारळ चांगला निघाला म्हनायचा." आईच असं म्हणाली म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळं रान मिळालं.

संध्याकाळी कल्याण परत आला, जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन. त्याने ते दाराला लावलं, खाली पडलं. हौद्याला लावलं, पडलं. प्रत्येक वेळी ते पडलं की तो वाकून उचलायचा आणि काही न बोलता दुसरीकडे लावायचा. न बोलण्यातच त्याची सगळी मजा होती. मग बॉनेट उघडलं. आत लहानसं इंजिन आणि भोवती मोकळी जागा. तिथे जमलेल्या प्रत्येक माणसाने आळीपाळीने तोच प्रश्न विचारला, की उरलेलं इंजिन कुठंय. आमच्याकडे अल्युमिनियमला जर्मल म्हणतात. जर्मलची पातेली, जर्मलची परात. रात्रीपर्यंत गाडीचं बारसं झालं होतं: पातेलं. आणि कुणीतरी असंही म्हणालं की बाईमाणसाला चालवायची म्हणून हलकी आणली असेल. हे अर्धं खरं होतं, पण खरं असलं म्हणून टोचत नाही असं थोडंच आहे. मला नाही टोचलं. मालकांना टोचलं.

त्यानंतर मालक पारावर जायचे बंद झाले. गाडी गोठ्याच्या मागे लावायला लागले, पोचा भिंतीकडे करून. मी म्हणत होते, अहो, हसणारी माणसं आपले पेरू विकत घेणार आहेत का? ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण मालकांची तऱ्हा उलटी आहे. घरच्या माणसाचं ते ऐकत नाहीत, आणि पारावरच्या कुणी नुसता खाकरला तरी त्याचा अर्थ लावत रात्रभर जागतात. जेवताना ताटावर बोट वाजवून बघायचे आणि म्हणायचे, स्टीलचं हाय ना?

पेरूचा हंगाम सुरू झाला. कारखान्याने खेपेचा दिवस कळवला. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी देवळाली प्रवऱ्याला गेले. जाताना मालकांना एकच काम सांगितलं: माल तोडून सावलीत ठेवून घ्या, मी आदल्या संध्याकाळी येतेच. माल त्यांनी व्यवस्थित ठेवला, खोटं कशाला बोलू. क्रेट गोठ्यात ओळीने लागलेले, वर ओलं गोणपाट. त्या वासानेच माझा जीव भांड्यात पडला. मग मी गोठ्याच्या मागे गेले आणि तो परत बाहेर आला.

गाडी ओळखू येत नव्हती. पुढे गार्ड, जुन्यापेक्षा रुंद. मागे हौद्याच्या चारही बाजूंनी अँगलचा पिंजरा. हौद्यात खाली लोखंडी पत्रा. दारांना बाहेरून लोखंडी पट्ट्या. खाली जादा पाटे. आणि टपावर कमानीत, कापून बसवलेली लोखंडी अक्षरं: रंगनाथशेठ. सगळ्याला लाल रंग. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं गाडीच्या अंगावर दुसरी गाडी येऊन बसली होती.

हे सगळं फाट्यावरच्या गोरक्षने केलं होतं. गोरक्षचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि कल्पना विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं की तो नाही म्हणत नाही. आधी त्याने गार्ड नेहमीसारखा वेल्ड करायला घेतला, तर जर्मलच्या पत्र्याला धरेना, उलट भोक पडलं. दुसरा कुणी तिथेच थांबला असता. गोरक्ष आणि मालकांनी पत्र्याला आणखी भोकं पाडली आणि सगळं लोखंड नटबोल्टने आवळलं. कल्याण तिथे खुर्ची टाकून बसला होता आणि इथं पण एक पट्टी टाक, तिथं पण एक टाक असं सांगत होता, हे मला नंतर कळलं. फुकटचा सल्ला आणि दुसऱ्याचं लोखंड, मग माणूस कशाला हात आखडता घेईल?

मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले. महिनाभरात मी त्यांच्या तोंडावर असं समाधान पाहिलं नव्हतं. त्यांनी गार्डवर मूठ आपटली आणि म्हणाले, "आता मार नारळ. दनका दिला तरी हालनार न्हाई."

"चढाला बी हालनार न्हाई," मी म्हणाले.

मग जे झालं ते नवरा-बायकोचं भांडण होतं, ते सगळं सांगण्यासारखं नाही. मी वजनाचं विचारलं. त्यांनी वजन केलं नव्हतं. उसाचा मुलूख आहे आमचा, चहूकडे वजनकाटे, शेजाऱ्याच्या उसाला किती टन पडलं हे इथे लहान लेकराला तोंडपाठ असतं. पण आपल्या गाडीवर किती लोखंड चढवलं ते एकदा काट्यावर घालून बघावं असं या शहाण्यांना सुचलं नाही. मालक म्हणाले, लोखंड ते कितीक असनार. मी म्हणाले, आत्ता काढा. ते म्हणाले, रात्री गोरक्ष दुकान उघडत न्हाई आणि पाने त्याच्याकडं हायेत. शिवाय गार्ड असला की माल सुखरूप जाईल, तुझ्याच चांगल्यासाठी केलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड." त्यावर मालक जेवायला बसले आणि विषय संपला असं त्यांनी ठरवलं. मला झोप आली नाही. गोठ्यातून पिकल्या पेरूचा वास येत होता आणि तो थांबणारा माल नव्हता.

सकाळी उजाडताच सत्तर क्रेट भरले. छबूबाई, पुष्पावती, गटातल्या सगळ्या आल्या होत्या. पुष्पावतीने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही, त्याबद्दल मी तिचे उपकार मानते. वाटेत फाट्यावर गोरक्षला उठवून मी त्याच्याकडचे दोन पाने मागून घेतले आणि गाडीच्या पेटीत टाकले, का ते मालकांनी विचारलं नाही. स्टेअरिंगवर ते स्वतःच बसले होते. घाट हाय, म्हणाले.

कोल्हारपर्यंत रस्त्याला खड्डे आहेत म्हणून गाडी हळू चालली असं म्हणता आलं. राहुरीपर्यंत ऊसवाले ट्रॅक्टर आडवे आहेत म्हणून हळू असंही म्हणता आलं. विळदच्या घाटात मात्र रस्ता मोकळा होता आणि सबबी संपल्या. लहान इंजिन, सत्तर क्रेट पेरू ते आनंदाने ओढणार होतं, त्यासाठीच ते जन्माला आलं होतं. त्याला रंगनाथशेठ ओढायचे नव्हते. गाडी दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्यावर आली, मग कण्हायला लागली. क्लचचा जळका वास सुटला. मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आला, मोठ्याने गाणी लावलेला, आणि आम्हाला ओलांडून गेला. ट्रॉलीच्या मागे लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी आमच्या गार्डला घासून गेली. ट्रॅक्टरवाल्याने हातसुद्धा केला.

मालक घामाघूम. मी घड्याळ बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर बोलले असते. शेवटी तेच म्हणाले, "इंजिनच लहान. मी म्हनत हुतो ना."

या माणसाच्या पोटात लाज घालायची देवाकडून राहून गेली असेल, दुसरं काय.

सुप्याला पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला दोनेक तास होते. गेटच्या बाहेरच वजनकाटा. तिथे वैजनाथ नावाचा माणूस बसतो, पाथर्डीकडचा, तोंडात तंबाखूचा बार धरलेला. त्याने गाडी काट्यावर घ्यायला सांगितली, पडद्यावर बघितलं, आरसी बघितली, परत पडद्यावर बघितलं. मग खिडकीतून बाहेर थुंकून गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ह्ये काय घेऊन चाललाव? रणगाडा का काय?"

वजन वर होतं. थोडंथोडकं नव्हे, वीसेक क्रेट खाली उतरवावे लागतील एवढं. म्हणजे बायकांचे पेरू जिथे बसणार होते तिथे मालकांचं लोखंड बसलं होतं, आणि आरामात आमच्या खर्चाने नगरची हवा खाऊन आलं होतं.

मालक वैजनाथच्या खिडकीशी गेले आणि आवाज खाली करून चहापाण्याचं बोलायला लागले. वैजनाथ कंटाळून म्हणाला की आकडा मॅडमच्या मोबाईलवर आधीच गेलाय, चहा पाजायचा तर मोबाईलला पाजा. तेवढ्यात मोनिका मॅडम आल्या. त्यांनी गाडी पाहिली, टपावरचं नाव वाचलं, आणि त्यांच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही. सुट्टीच्या आत गाडी वजनात बसवून सत्तरच्या सत्तर क्रेट आत आणा, म्हणाल्या, नाही तर मी चाचणी झाली नाही असं धरीन. आणि गेल्या.

मालक माझ्याकडे वळले. त्यांनी तोड काढली होती. म्हणाले, वीस क्रेट खाली ठेवू, पन्नास आत नेऊ, बाईला काय मोजायला वेळ हाय.

"कुनाचे ठेवू?" मी विचारलं. "छबूबाईचे ठेवू का पुष्पावतीचे?"

"आता त्यात काय एवढं. कुनाचे बी."

मला जो राग आला तो मी इथे लिहू शकत नाही, तेवढी शाई नाही. या बायका पहाटे थंडीत बोटं कापेस्तोवर पेरू तोडतात. मला त्या गाडीतल्या एकेका क्रेटचं झाड माहीत होतं. मी पेटीतले दोन्ही पाने काढले आणि एक मालकांच्या हातात दिला.

"पेरू उतरनार न्हाई," मी म्हणाले. "लोखंड उतरंल."

"इथं? सगळ्यांम्होरं?"

"चढवलं तवा सगळ्यांम्होरंच चढवलं ना?"

गोरक्षला वेल्डिंग जमलं नाही याबद्दल मी त्या दिवशी देवाचे आभार मानले. बोल्ट होते म्हणून सुटत होते. आधी गार्ड निघाला. मग दाराच्या पट्ट्या. मग पिंजरा, एकेक बाजू. हौद्यातला पत्रा राहू दे म्हणून मालक गयावया करायला लागले, कारण तो काढायचा म्हणजे सत्तर क्रेट खाली घेऊन परत चढवायचे. मी पहिला क्रेट उचलला तेव्हा त्यांना दुसरा उचलावाच लागला. कारखान्यातले हमाल भिंतीच्या सावलीत बसून बघत होते. त्यांच्यातला एक मदतीला उठला, तर दुसऱ्याने त्याला खाली बसवलं. असा खेळ रोज बघायला मिळत नाही, असं त्याला वाटलं असेल, आणि ते चुकीचं नव्हतं.

शेवटी उरली टपावरची अक्षरं. मालक वर चढले, आणि बराच वेळ खाली येईनात. मी वर बघितलं तर ते पहिला बोल्ट हातात धरून बसले होते. खरं सांगते, तेवढ्या एका क्षणी मला त्यांचं वाईट वाटलं. त्या माणसाला आयुष्यात कुणी शेठ म्हटलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच लोखंडात कापून घेतलं होतं. मग मला खालचे क्रेट दिसले, उन्हात तापायला लागलेले, आणि मी म्हणाले, "अहो, लवकर." शेठ खाली आले.

गाडी परत काट्यावर घेतली. आता ती पुन्हा तशीच दिसत होती जशी शोरूममधून आणली तेव्हा होती, अंगाला भोकं आणि कपाळाला पोचा सोडला तर. वैजनाथने पडद्यावर बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. अजून थोडं वर होतं. जादा पाटे अजून खालीच होते, आणि ते काही तिथे उभ्या उभ्या निघणारे नव्हते.

"थोडंच हाय," वैजनाथ म्हणाला. "दोघांतलं एक मानूस उतरा की."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. स्टेअरिंगवर ते, शेजारी मी, तेव्हा उतरणार कोण हे त्यांच्या दृष्टीने ठरलेलंच होतं. मी उतरलेही. वैजनाथने मान हलवली. अजून वरच. मग मी गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले आणि ते उघडून धरलं. मालक माझ्या दुप्पट नसले तरी दीडपट नक्की आहेत, आणि हे सांगायला काट्याची गरज नव्हती. ते वैजनाथकडे बघत राहिले. वैजनाथ तंबाखू मळत होता.

ते उतरले, मी चढले. पडद्यावरचा आकडा उतरला आणि बरोबर जागेवर येऊन थांबला. सुट्टी व्हायच्या आत गेट उघडलं.

आत जाताना मी आरशात बघितलं. काट्याच्या पलीकडे लाल लोखंडाचा ढीग पडला होता आणि त्यावर, आपल्याच गार्डवर, आमचे मालक बसले होते. शेजारी नावाची कमान पडली होती.

मोनिका मॅडमनी मधला एक क्रेट काढून तळापर्यंत बघितला. एकही पेरू चेंगरला नव्हता. त्या म्हणाल्या, सोमवारपासून आणा, आणि बोलता बोलता गाडीच्या दाराला हात लावून विचारलं की ही गाडी कुठून घेतली, आमच्या दुसऱ्या गटांनाही सांगायला हवं. मला रडू आलं. मी ते येऊ दिलं, कारण तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. मग छबूबाईला फोन केला. तिने बातमी तिथेच ओरडून सांगितली, आणि फोनमधून बाकीच्या बायकांचा गलका ऐकू आला.

रिकामी गाडी घेऊन मी गेटबाहेर आले. गाडी पुन्हा गुणगुणत होती, शोरूममधल्यासारखी. मालक उठले, पँट झटकली. मला वाटलं, विचारतील काय झालं. बायकांचा माल गेला का, मॅडम काय म्हणाल्या. एवढं तरी विचारतील. त्यांनी आधी ढिगाकडे बघितलं, मग हौद्यात डोकावून बघितलं.

"गाडी तर आता रिकामीच हाय," ते म्हणाले. "टाकू का परत? अशी उघडीच गावात नेली तर कल्याण काय म्हनंल?"

मी इंजिन बंद केलं नाही. "टाका की," मी म्हणाले. "पन मग तुमी एसटीनं या. दोन्ही वजनं मी नेनार न्हाई."

त्यांनी लोखंडाकडे बघितलं. मग पुढच्या सीटकडे बघितलं. मग रस्त्याच्या पलीकडे, जिथे एसटी थांबते तिकडे बघितलं.

आणि मालक खरंच विचार करत उभे राहिले.